पोपट छापाचे कारभारी

"आज काय?"

आमच्या वखारीचे कारभारी कोणीही भेटलं की एवढंच म्हणायचे. रामराम नाही, बरं हाय का नाही, एकदम "आज काय?" देवळातल्या पुजाऱ्याला तेच, न्हाव्याला तेच, घोड्यावरून चाललेल्या गोऱ्या साहेबालासुद्धा तेच. एकदा तर त्यांनी भर वरातीत एका नवरदेवाचा घोडा थांबवून विचारलं, "आज काय?" तो बिचारा म्हणाला, "आज माह्यं लगन." तर हे म्हणतात, "लगन लांब रायलं, बावा. आज मांडवापर्यंत नीट बस. घोडा बिचकते." आणि घोडा बिचकला! मी तिथंच होतो. नवरदेव थेट हलवायाच्या परातीत. पण ती गोष्ट सांगत बसलो तर कारभारी बाजूलाच राहतील, आणि मला कारभाऱ्यांचंच सांगायचंय.

वखार अमरावतीला, गावाबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर. तेव्हा तिकडं अमेरिकेत लढाई चालू होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि सगळ्या दुनियेला एकदम आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. ते दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून खरं वाटत नाही. काळ्या रानातल्या लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली हो! आमचा मोर्शीला भाजीचा मळा. माझ्या वडिलांनी फळाला आलेली वांगी उपटून कपाशी लावली, तर आईनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं. मी शाळेत थोडंफार शिकलेलो, हात वळणदार, म्हणून अमरावतीला या वखारीत चिकटलो. काम काय, तर गाठींवर पोपट काढायचा.

म्हणजे असं की, खेड्यांतून कापसाच्या गाड्या यायच्या. बाया रेच्यावर, म्हणजे हातानं फिरवायच्या लाकडी चरकावर बसून त्यातली सरकी काढायच्या. मग रुई लाकडी पेचात घालून चार-चार गडी तो पेच फिरवायचे, दाबून दाबून गाठ करायचे, गोणपाटात शिवायचे. आणि त्या गोणपाटावर मी काजळ नि जवसाच्या तेलाची शाई घेऊन पोपट काढायचो. ती आमची निशाणी. मुंबईच्या शेठकडं माल गेला की पोपट पाहून कळायचं, हा अमरावतीच्या अमुक वखारीचा.

कारभाऱ्यांचं वय कोणाला माहीत नव्हतं. मिशा पांढऱ्या, भुवया काळ्या. अंगरखा एकच, तो धुऊन वाळेपर्यंत घोंगडी पांघरून बसायचे आणि घोंगडीतूनच हुकूम सोडायचे. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, अकोल्याला एक बहीण. आवाज असा की वाटावं, कानात कोणी सरकी ओतून रायलं.

आणि चालायची तऱ्हा! समोरचं एक झाड धरायचं. "त्या बाभळीपर्यंत." बाभळीला पोचले की बुंध्यावर थाप मारून "शाबास" म्हणायचं. ती शाबासकी बाभळीला की स्वतःला, ते कधी कळलं नाही. मग पुढचं झाड. एकदा त्यांच्याबरोबर गाडीनं अकोल्याला गेलो (आणखी एक अकोल्याची खेप पुढं येते, ती वाईट, ही चांगली), तर हा माणूस बैलांच्या कानात सांगतोय, "त्या चिंचेपर्यंत चाल राजा, मंग थांबू." चिंच आली की खरंच खाली उतरून बैलांच्या माना खाजवल्या. गाडीवान कावला.

"कारभारी, अशानं अकोला कवा येईन?"

"अकोल्याचं नाव काढू नको. बैलाले अकोला मालूम नाई. त्याले चिंच दिसते."

"पन मले त अकोला मालूम हाय ना!"

"म्हनून त तू थकला. बैल थकले का?"

गाडीवान पुढचं सगळं अंतर माझ्याकडं पाहून कपाळाला हात लावत होता. पण एक सांगतो, अकोल्याला पोचल्यावर दुसऱ्या गाड्यांचे बैल फेस गाळत होते आणि आमचे शेपट्या हलवत उभे होते.

वखारही त्यांनी अशीच चालवली. मालक यायचे, आतल्या बैठकीत तावातावानं बोलायचे, यंदा एवढा माल गेला पाहिजे, पुढच्या साली दुप्पट, तिसऱ्या साली दुसरी वखार. कारभारी मान हलवत ऐकायचे. आणि बाहेर येऊन आम्हाला त्यातलं अक्षर सांगायचे नाहीत. आम्हाला फक्त चिंध्या.

चिंध्यांचं सांगायलाच पाहिजे. वखारीच्या दारापासून कडुनिंबापर्यंत एक दोरी होती. रोज सकाळी कारभारी स्वतःच्या हातानं तिच्यावर दहा तांबड्या चिंध्या बांधायचे. एक गाठ दाबून, शिवून, पोपट काढून तयार झाली की एक चिंधी सुटायची. सोडायचा मान त्या गाठीत जिची रुई सगळ्यात जास्त तिचा, वर गुळाचा खडा. त्या खड्यासाठी बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या! दोरी रिकामी झाली की दिवस संपला. ऊन अजून अंगणात असलं तरी संपला. कोणी म्हणालं, अजून एक होते, कारभारी, करू का? तर म्हणायचे, "अकरावी उद्याची. उद्याच्या पोटावर आज पाय देऊ नको."

आणि दोरी रिकामी होईपर्यंत ते जेवायचे नाहीत.

भाकरी फडक्यात बांधून कडुनिंबाच्या फांदीला टांगलेली असायची. शेवटची चिंधी सुटली की भाकरी खाली यायची. उपास नव्हे, व्रत नव्हे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाया काम करून रायल्या अन् म्या आदीच ढेकर द्यायचा? नाई जमत मले."

रेच्यावरच्या बायांची पुढारीण होती सरजाबाई. उंच, काळीसावळी, तोंड आणि हात एकाच चालीनं चालणारे. मला ती पोपटवाल्या म्हणायची. "ए पोपटवाल्या, तुया पोपट आज कावळ्यावानी दिसून रायला." कारभाऱ्यांना सगळे वचकून असायचे, ही नाही. भाकरीला उशीर झाला की रेच्यावरूनच ओरडायची.

"कारभारी, भाकरीले कावळे टोचून रायले. खाऊन घ्या ना बाप्पा!"

"किती रायल्या?"

"दोन."

"मंग कावळ्याईले खाऊ दे."

बाया हसायच्या, हसताहसता हात भरभर चालायचे. आता वाटतं, त्या हसत होत्या पण त्यांच्या पोटात तुटत होतं. चाळीसएक बाया, निम्म्या नवरे गेलेल्या नाहीतर टाकलेल्या, त्यांना दुपारची भाकरी सोडायला लावणारा मुकादम सगळ्यांनी पाहिला होता. त्यांच्यासाठी स्वतःची भाकरी टांगून ठेवणारा कोणी पाहिला नव्हता.

एकदा, फक्त एकदा, त्यांनी मला लांबचं सांगितलं. मी एका गाठीवर पोपट काढला, चोच जरा वाकडी झाली. कारभाऱ्यांनी आख्खं गोणपाट उसवायला लावलं. मी चिडलो. म्हणालो, चोच कोण पाहतंय?

ते माझ्याशेजारी उकिडवे बसले. इकडंतिकडं पाहिलं, जसं काही चोरीचं सांगणार.

"ऐक. मुंबईले गाठ गेली का शेठचा मानूस चाकू घेऊन उभा रायते. गोणपाट चिरते, कोपरापर्यंत हात घालते, अंदरची रुई ओढून पाह्यते. चोराची झडती घेतल्यावानी. अन् चोर हायेतच बावा. कोनी सरकी ठेवते, कोनी पानी मारते, कोनी माती भरते. आता सारं खपते, काहून का लढाई हाय. पन लढाई संपन ना? मंग कोनाले गरज हाय वऱ्हाडाची? तवा ज्याची निशानी पाहून चाकू बाहीरच निघनार नाई, थोच जगन. बाकीच्या वखारीत बकऱ्या बांधतीन."

"म्हणजे आपला पोपट पाहून..."

"पोपट पाहून चाकू म्यानात. एवढंच पाह्यजे मले. पह्यल्या साली सरकी काढली. दुसऱ्या साली पानकचरा काढला. आता तिसरं साल. शेठनं सांगतलं हाय, होळीपर्यंत रोजच्या दहा गाठी द्या, साफ द्या, खाडा नको. मंग तुमच्या पोपटाले चाकू नाई. समजलं? या बाया पन्नास वर्स इथंच रेचा फिरवतीन, लढाई असो नाईतर नसो."

अहो, माझ्या अंगावर काटा आला! आत्ता लिहितानाही आला. वरवर दहा चिंध्या, आणि खाली हे एवढं मोठं! मी म्हणालो, "कारभारी, मग हे बायांना सांगा ना! पेचावरच्या किसनला सांगा, त्याच्या सगळ्या गड्यांना सांगा!"

"काहून? लांबचं सांगून त्याईच्या जिवाले घोर लावू? लांबचं मी पाह्यतो. थ्या चिंध्या पाह्यतीन."

तेव्हा मला हे फार म्हणजे फारच शहाणपणाचं वाटलं. मी मोर्शीला गेलो तेव्हा वडिलांनासुद्धा ऐकवलं. वडील कपाशी खुरपत होते, म्हणाले, "बैलाले चिंच सांगतली त चालते. मानसाले घर सांगा लागते." मी मनात म्हटलं, यांना काय कळतं, यांनी तर वांगी उपटली.

तिसऱ्या सालाचा हंगाम मात्र वाईट निघाला. कापूस कमी होता असं नाही, उलट गाड्यांवर गाड्या. पण लोक इतके घाईला आलेले की अर्धवट फुटलेली बोंडं, किडकी, पिवळी, पाल्यासकट ओरबाडून आणायचे. या पिवळ्या किडक्या कापसाला आमच्याकडं कवडी म्हणतात. कारभारी दारातच उभे राहायचे, मूठ भरून उन्हात धरायचे, कवडी निघाली की मागच्या छपरात फेकायचे. ती गादीवाल्यांसाठी. छप्पर भरत चाललं आणि चांगला कापूस पुरेना. बाया दिवसभर रेचे फिरवूनही गाठी व्हायच्या नऊ.

पहिल्या दिवशी दहावी चिंधी दोरीवर राहिली. कारभाऱ्यांनी भाकरी खाली घेतली, कुत्र्याला घातली, पाणी पिऊन झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या दहा बांधल्या, आणि कालची होतीच. म्हणजे अकरा. नऊ सुटल्या, दोन राहिल्या. भाकरी कुत्र्याला. असं चालूच राहिलं. दोरीवर चिंध्या वाढत गेल्या, कुत्रं फुगत गेलं, आणि कारभाऱ्यांचा अंगरखा बांबूला अडकवल्यासारखा दिसायला लागला. गुळाचं पाणी घ्यायचे, कधी मूठभर फुटाणे. आम्ही म्हणायचो, असं करू नका. ते म्हणायचे, "आज काय? आजच्या दहा पाहा."

एका दुपारी पेचाजवळ उभे असताना ते गपकन खालीच बसले. डोळे पांढरे. बाया धावल्या, कोणी पदरानं वारा घातला, कोणी तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आले तर सरजाबाई त्यांच्या छातीवर बसल्यासारखी ओरडतेय.

"मरता काय? हां? चिंध्या कमी बांधा ना मंग! आठ बांधा!"

"शेठले दहा सांगतल्या हाय."

"शेठच्या मढ्यावर घाला थ्या दहा! तो येते का तुमाले पानी पाजाले?"

"दहाच," कारभारी म्हणाले आणि उठून दारात जाऊन उभे राहिले, भिंतीला धरून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाई घोटत होतो, तर सरजाबाईनं दहावी चिंधी सोडली! दहावी! मी उड्या मारल्या. कारभाऱ्यांनी दोरीकडं पाहिलं, मग गाठीकडं. गाठ घट्ट दाबली का ते ऐकायला ते नेहमी थाप मारून कान लावायचे, तसा लावला. म्हणाले, "बोलून रायली." मागची बाकी दोरीवर होतीच, पण आजच्या दहा झाल्या म्हणून भाकरी खाली आली. ते कडुनिंबाखाली बसून जेवले, आणि बाया घरी न जाता तिथंच उभ्या. प्रत्येक घासाबरोबर त्यांच्याच माना हलत होत्या. किसन पेचाच्या दांड्याला टेकून खाली पाहत होता. मला वाटलं, थकला असेल.

त्या दिवसापासून रोज दहा. कधी मागची बाकी भरून काढायला अकरासुद्धा. दोरी रिकामी, कारभारी जेवलेले, गालावर थोडं मांस आलेलं. एकदा तर मी त्यांना घोंगडीत बसून ओवी गुणगुणताना ऐकलं. मी पोपट काढत होतो, एकेक चोच अशी की पोपटानं स्वतः पाहावी.

आता ती दुसरी अकोल्याची खेप.

होळीच्या थोडं आधी शेठचा माणूस मुंबईहून अकोल्याला आला. आमच्या गाठी तिथं रेल्वेच्या मालासाठी थप्पी लावून ठेवलेल्या. कारभारी मला म्हणाले, चल, ज्याचा पोपट त्यानं पाहावं. वाटेत झाडं चालूच. पण प्रत्येक झाडाला थाप मारताना हसत होते.

शेठचा माणूस गोरापान, कानात भिकबाळी, बोलायला गोड. "कारभारी, तुमचा पोपट मुंबईत फार बोलतो हां. आजच्यानंतर त्याला चाकू नाही. आज मात्र रीत म्हणून एक-दोन पाहतो."

"पाहा ना, शेठ. दहा पाहा."

त्यानं एक गाठ चिरली. पांढरीशुभ्र. हात घातला, पांढरीशुभ्र. कारभारी माझ्याकडं पाहून भुवई उडवत होते, पोरासारखे. त्यानं दुसरी चिरली. वर पांढरी. हात आत गेला, कोपरापर्यंत गेला, आणि बाहेर आला तेव्हा मुठीत पिवळी, किडकी, पाला चिकटलेली कवडी. सरकीसकट. ती हमालांच्या पायावर पडली. त्यानं परत हात घातला, परत तेच. गाठीच्या पोटात सगळी तीच.

त्यानं चाकू पुसला. मग तिसरी, चौथी अशा चिरत गेला, आणि चौथीत पुन्हा तेच निघालं. शेवटी म्हणाला, "ज्यांचा माल उघड वाईट असतो त्यांना मी भाव कमी देतो. असा वरून चांगला असतो त्यांना मी काहीच देत नाही. पोपट परत घेऊन जा, कारभारी. मुंबईत आता तो नको."

कारभाऱ्यांनी वाकून खाली पडलेली कवडी उचलली. तळहातावर घेऊन उन्हात धरली, वखारीच्या दारात धरायचे तशी. खूप वेळ. मग मला म्हणाले, "आपल्या मागच्या छपरातली हाय."

परत येताना एकाही झाडाला हात लावला नाही. बैल चिंचेजवळ आपोआप थांबले. गाडीवानानं वळून पाहिलं. कारभारी बसूनच राहिले, मग गाडीवानच उतरून बैलांच्या माना खाजवून आला.

सकाळी वखारीत पोचलो तेव्हा दोरीवर दहा चिंध्या होत्या, किसननं बांधलेल्या, आणि फांदीला भाकरीही त्यानंच टांगलेली. रेचे चालू होते. कारभारी मधोमध उभे राहिले आणि मुठीतली कवडी जमिनीवर टाकली.

"हे कोनं केलं?"

रेचे थांबले.

सरजाबाई उठली. "म्या केलं. म्हंजे सगळ्याईनं. वरून चांगली, अंदर कवडी. किसननं दाबली. रोजची एक, कवा दोन."

"काहून?"

"काहून म्हंजे?" ती खरोखर चकित झाली होती, हे मला अजून दिसतं. "तुमी जेवत नव्हते ना!"

कारभाऱ्यांनी कवडीकडं बोट केलं.

"अव, पन पोपट... शेठ आता चाकू लावनार नव्हता. या सालानंतर..."

"आमाले कोनं सांगतलं शेठचं अन् चाकूचं? आमाले दहा सांगतल्या. आमी दहा देल्ल्या."

हे ती उर्मटपणानं बोलली नाही हो. हिशोब मांडावा तसं सरळ बोलली. मागं एक तरुण बाई रडायला लागली, तिला बाकीच्यांनी गप्प केलं. कारभारी ओरडतील, दोघातिघांना हाकलतील, निदान किसनच्या अंगावर जातील असं मला वाटलं. ते गेले कडुनिंबाकडं. फांदीवरची भाकरी खाली घेतली. मातीत बसले. आणि दहाच्या दहा चिंध्या वर लटकत असताना, सगळ्यांसमोर, त्यांनी ती भाकरी खाल्ली. पूर्ण. पाणी न पिता. एकेक घास चावत, सरजाबाईकडं पाहत. माणूस जेवताना पाहून इतकं वाईट वाटतं हे मला माहीत नव्हतं.

मग उठून त्यांनी दोरी सोडली, तिचं वेटोळं केलं आणि आत गेले.

अकोल्याच्या गाठी गाडीगाडीनं परत आल्या. मालकांनी मजुरी बंद केली. तरी दुसऱ्या दिवशी बाया आल्या, सगळ्या नाहीत, पण बऱ्याच. कोणी बोलावलं नव्हतं. सगळ्या गाठी, चांगल्या नि वाईट, चिरल्या. हातांनी पिंजून कवडी वेगळी केली. पुन्हा दाबल्या, पुन्हा शिवल्या. आज किती करायच्या ते कोणी सांगत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. मी शाई घेऊन गेलो तर कारभारी म्हणाले, "नको. कोऱ्या राहू दे."

काम संपत आलं आणि अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली. कापसाचं असं झालं की लोक गाड्या भरून अमरावतीला आणायचे आणि बाजारात कोणी ढुंकून पाहीना. शिंगांवरची चांदी उतरली. मालकांनी आमच्या कोऱ्या गाठी दुसऱ्या एका व्यापाऱ्याला विकल्या, पेच लाकडासाठी मोडून दिला. ज्या दिवशी पेच मोडला त्या दिवशी कारभारी अकोल्याला बहिणीकडं निघून गेले, पायी. मी वेशीपर्यंत गेलो. ते सरळ चालले होते, मान खाली, झाडांकडं न बघता. आणि वखारीत खरंच बकऱ्या बांधल्या. कोणाच्या ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वडिलांनी कपाशी मोडून पुन्हा वांगी लावली. मी मळ्यात रमलो नाही. बडनेऱ्याला रेल्वे आली तेव्हा तिथल्या मालधक्क्यावर कामाला लागलो. तिथं एक मुंबईचा दलाल यायचा, बडबड्या, माझ्यासारखाच. एकदा बोलताबोलता म्हणाला, मंदी आली, सगळ्या निशाण्या मेल्या, पण एक हत्ती छाप मात्र जोरात आहे. त्याचा पहिला माल इतका साफ निघाला, इतका साफ, की आता शेठ लोक हत्तीला चाकूच लावत नाहीत. मी विचारलं, पहिला माल कुठला होता? तो म्हणाला, अमरावतीच्या कुठल्याशा बुडालेल्या वखारीचा, कोऱ्या गाठी, वर हत्ती छापला.

मी तसाच अकोल्याला गेलो! धक्क्यावर कोणाला सांगितलंसुद्धा नाही. मला वाटत होतं, मी त्यांच्यासाठी केवढी मोठी गोष्ट घेऊन चाललोय.

कारभारी बहिणीच्या ओसरीवर बाजेवर पडलेले. भुवयाही आता पांढऱ्या. मला पाहून "ये" म्हणाले. फक्त "ये". मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"कोनीच उघडून पाह्यलं नाई?"

"कोणीच नाही."

"कोनाच्या निशानीवर म्हनला?"

"हत्ती."

त्यांनी डोळे उघडले. "हत्ती चांगला हाय," म्हणाले. "चोच वाकडी व्हायचं भेव नाई." मी हसलो, कारण वाटलं की ते हसतील. ते हसले नाहीत. भिंतीकडं कूस वळवली आणि तिकडूनच म्हणाले, "बायाईले सांग. सगळं सांग, चाकूचं, शेठचं. सरजाले सांग."

मी हो म्हटलं. तो पावसाळा त्यांनी काढला नाही. बहिणीनं निरोप धाडला, पण मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

सरजाबाई शोधायला मला फार दिवस लागले. कोणी म्हणे गावी गेली, कोणी म्हणे पटकीत गेली. शेवटी सापडली ती बडनेऱ्याच्या पुढं, नागपूरकडं रेल्वेसाठी मातीचा बांध घालत होते तिथं, डोक्यावर टोपलं. वाळून गेली होती. मला ओळखलं. "पोपटवाला!" म्हणाली, आणि टोपलं खाली ठेवलं.

मी तिला सांगितलं. कारभारी गेले ते सांगितलं, हत्तीचं सांगितलं. "कसला हत्ती?" ती म्हणाली. मग माझ्या लक्षात आलं, तिला चाकू म्हणजे काय, निशाणी म्हणजे काय, लढाई संपली तर काय, यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणून मी पहिल्यापासून सांगितलं, जसं त्यांनी मला उकिडवं बसून सांगितलं होतं तसं. शेठ असा असतो, गाठ अशी चिरतात, आणि पोपट पाहून चाकू बाहेर निघाला नसता तर तुम्ही बाया पन्नास वर्षं तिथंच बसला असता, सावलीत, कडुनिंबाखाली.

बांधावरून मुकादमानं हाक मारली. तिनं टोपलं उचललं, चुंबळ नीट केली. जाताजाता थांबली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "मंग सांगाचं होतं ना, बावा. आमी नऊच गाठी बांधल्या असत्या. अन् त्याईले चौघी जनी धरून खाऊ घातलं असतं."